घरमालकी: प्रारंभिक ते विशारद

ज्यांच्याकडे राहत्या घराखेरीज आणखी एक घर आहे आणि ते भाड्याने द्यावं असं ज्यांच्या मनात आहे, अशा सज्जनांसाठी हा अभ्यासक्रम आखला आहे. केंद्र सांताक्रूझ, पूर्व आणि पश्चिम. घर कुठलंही चालेल: आजोबांनी वाकोल्याला घेतलेली वन रूम किचन, लेकीच्या नावावर केलेला कलिन्याचा फ्लॅट, किंवा मुलगा टोरांटोला जाऊन बसल्यामुळे रिकामा पडलेला लिंकिंग रोडच्या आतल्या गल्लीतला टू बीएचके. पूर्वअट एवढीच, की ‘मी काही तसला घरमालक नाही’ असा विद्यार्थ्याचा स्वतःबद्दल ठाम समज असावा. तसल्या घरमालकांनी प्रवेश घेतला तरी हरकत नाही. त्यांना अर्धे धडे आधीच तोंडपाठ असतील.

प्रारंभिक: घाबरायला शिकणे

भाडेकरूची भीती वाटल्याशिवाय या भागात घरमालक होता येत नाही. प्रत्येक घरात एक गोष्ट असते. अमक्या काकांनी स्टेशनजवळची खोली ‘दोन वर्षांपुरती’ दिली. काका गेले, काकू गेल्या, आणि भाडेकरूच्या नातवाची मुंज त्याच खोलीत झाली. ही गोष्ट दर दिवाळीला ऐकून पाठ करावी.

गोष्ट खोटी नसते, हेही कबूल करायला हवं. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर गोठवलं. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, गिरण्या बंद पडल्या, भाडं होतं तिथेच. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात हे गोठवणं आता मनमानी झाल्याचं म्हटलं. पण कायद्याची मुदत तशीही संपत आली होती, म्हणून तो रद्द केला नाही. दरम्यान घरमालकांनी पळवाट काढलेली होतीच. भाडेकरू नकोच, ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे नुसत्या परवानगीवर, माणूस ठेवायचा. सरकारने ती वाट 1 फेब्रुवारी 1973 ला बुजवली. त्या दिवशी चालू करारावर घरात असलेला माणूस कायद्याने भाडेकरू ठरला. आदल्या दिवशी ज्याने टेम्पो बोलावला तो गेला. ज्याने ‘उद्या बघू’ म्हटलं त्याची सून आजही त्याच स्वयंपाकघरात फोडणी देते. आळसाचा एवढा मोबदला मुंबईत दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.

पुढचा भाग मात्र काकांच्या गोष्टीत नसतो. 31 मार्च 2000 पासून 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी लेखी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपली की परत मिळवता येतं, त्यासाठी वेगळा सक्षम प्राधिकारी आहे, आणि करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणजे विमानतळावर रात्रपाळी करणारी, वर्षभरात स्वतःच पवईला पळायच्या बेतात असलेली मुलगी तुमची खोली बळकावेल ही भीती गेल्या शतकातली आहे. त्या मुलीला तुमची खोली नको आहे. तिला फक्त तिचं डिपॉझिट परत हवं आहे, आणि आजची बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. त्याकडे आपण येणारच आहोत. तूर्त घाबरायचा सराव चालू ठेवावा, कारण मुलाखत जवळ आली आहे.

प्रवेशिका: मुलाखत आणि कागद

मुलाखत एजंट जमवून आणतो आणि एका महिन्याचं भाडं दोन्हीकडून घेतो. मुलाखतीत घरमालकाने प्रश्न विचारायचे असतात. लग्न झालंय का? नसेल तर का नाही? झालं असेल तर मूल आहे का? पाहुणे किती येतात? रात्री किती वाजता घरी येता? (समोरचा माणूस विमान कंपनीत असतो. त्याची रात्र सकाळी सात वाजता होते.) शेवटी हळूच, ‘तुम्ही व्हेज ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्या घरमालकाच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये त्या वेळी अर्धा किलो बोंबील असल्यास प्रश्न अधिक गंभीर चेहऱ्याने विचारावा.

आडनाव ऐकून फोन ठेवून देणारे विद्यार्थीही आहेत. पैकी बऱ्याच जणांनी नंतर ‘आपल्यातल्या’ माणसाला घर देऊन चार महिन्यांचं भाडं बुडवून घेतलेलं आहे. आडनावाचा आणि महिन्याच्या पाच तारखेचा संबंध सांगणारं कलम कुठल्याही करारात नाही. विचारायला हवेत असे तीन कोरडे प्रश्न या सगळ्या गडबडीत राहून जातात: नोकरी कुठे करता, आधीचं घर का सोडलं, आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर द्याल का.

आता कागद. ‘आपण काय घरचीच माणसं, कागद कशाला’ हे वाक्य उच्चारणं हा भांडणाचा मुहूर्त करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी भाडेकरूची नसून घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कैदेची बातमी सहसा ऐकू येत नाही, म्हणून विद्यार्थी निर्धास्त असतात. खरी मेख त्याच कलमात पुढे आहे. नोंदणी नसेल तर घर कुठल्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. तो म्हणाला, भाडं वीस हजार ठरलं होतं, तर वीस. तो म्हणाला, पाच वर्षांसाठी दिलं होतं, तर बसा पुरावे गोळा करत.

हा धोका किती रुपये वाचवण्यासाठी घेतला जातो ते पाहू. समजा भाडं महिना 45 हजार, मुदत अकरा महिने, परतीचं डिपॉझिट दीड लाख. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का. म्हणजे तेराशेच्या आत. शहरात नोंदणी फी एक हजार. किरकोळ धरून अडीच-पावणेतीन हजारांत काम होतं, आणि त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जायलाही लागत नाही. ऑनलाइन नोंदणी करून देणारा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, सोफ्यावर बसतो आणि दोन साक्षीदारांचे अंगठे होईपर्यंत चहा पितो. दीड लाख सांभाळण्यासाठी हा खर्च ‘कोण करणार’ यावर एजंटच्या देखत अर्धा तास हुज्जत घालावी. पहिलं भांडण असं गृहप्रवेशाआधीच आटोपतं.

अकरा महिन्यांबद्दल एक जाताजाता. एक वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्याने नोंदणी लागते, ती चुकवण्यासाठी हा आकडा रूढ झाला. 1999 च्या कायद्याने अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लावली. कारण संपलं, आकडा राहिला. दोघांनाही स्थैर्य हवं असेल तर बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करार करून मध्ये किती टक्के वाढ होणार ते आधीच लिहिता येतं, मग दरवर्षी ‘मार्केट वाढलंय हो’ हा संवाद म्हणावा लागत नाही. पण तो संवाद ज्यांना आवडतो त्यांनी अकराच धरावेत.

पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायची असते, तीही ऑनलाइन होते. रुळांच्या पश्चिमेला सांताक्रूझ पोलिस ठाणं, पूर्वेला वाकोला. पोलिसांचा तसा आदेश लागू असताना माहिती न देणाऱ्या घरमालकावर गुन्हा दाखल होतो, भाडेकरूवर नाही. हे वाक्य दोनदा वाचावं.

पावतीचं प्रकरण छोटं आहे. भाड्याची पावती देणं कायद्याने सक्तीचं आहे. विद्यार्थ्याला मात्र भाडं निम्मं बँकेत आणि निम्मं ‘हातात’ हवं असतं, आणि भाडेकरूला कंपनीकडून घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की तिथे घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. मार्च महिन्यात भाडेकरू तो मागतो आणि आपण मग ‘बघू, शोधून देतो’ म्हणतो. जणू काही पॅन माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.

मध्यमा: नांदणूक

भाडेकरू राहायला आला. आता त्याला आपलं घर आपलंच आहे याची वारंवार आठवण द्यायची. उत्तम साधन म्हणजे दुसरी किल्ली. रविवारी सकाळी साडेनऊला ‘सहज जात होतो’ म्हणून बेल वाजवावी, खिळे मोजावेत, गॅसच्या शेगडीखाली वाकून पाहावं. कायदा याबाबतीत अरसिक आहे: घर पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण आधी सूचना देऊन, वाजवी वेळी.

सोसायटीच्या सेक्रेटरीची भूमिका इथे सुरू होते. भाडेकरूने मुलाखत द्यावी, समितीने त्याला पास करावं, अशी पद्धत काही इमारतींत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने सोसायटीला कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची एवढंच असतं. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तर सरकारने 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर बांधून टाकले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही ती मर्यादा उचलून धरली. सेवाशुल्क तीन हजार असेल तर तीनशे रुपये. तरीही ‘आमच्या जनरल बॉडीने ठराव केलाय’ असं सांगून दोन हजार मागणारे सेक्रेटरी भेटतात. त्यांच्याशी भांडण्याऐवजी ते दोन हजार भाडेकरूच्या बिलात ढकलावेत. त्यामुळे सेक्रेटरीशी संबंध गोड राहतात आणि भांडण योग्य व्यक्तीशी होतं.

आता पाऊस. सांताक्रूझचा घरमालक पावसाबद्दल अज्ञान दाखवू शकत नाही, कारण मुंबईच्या उपनगरांचा पाऊस इथल्याच वेधशाळेत मोजला जातो. 26 जुलै 2005 ला याच वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला आणि कलिना-वाकोल्याच्या तळमजल्यांवर कमरेएवढं पाणी होतं. तरीही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाडेकरूचा फोन आला, की छतातून ठिबकतंय, तर ‘आमच्या वेळी कधी गळलं नाही’ असं सांगावं. त्याने पोपड्यांचे फोटो पाठवले तर निळ्या खुणा दिसल्या तरी उत्तर देऊ नये. जुलैत त्याच्या कपाटातले कपडे बुरसले की तो भाड्यातून पैसे कापतो. ऑगस्टमध्ये तुम्ही त्याला नोटीस देता. गणपतीपर्यंत दोघांचे वकील झालेले असतात.

ज्याला एवढी मजल मारायची नाही त्याच्यासाठी: गच्चीतून गळत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती सोसायटीची. पण सोसायटीला पत्र सभासदानेच लिहायचं असतं. भाडेकरू तिथे परका आहे, त्याच्या पत्राला कुणी पोच देत नाही. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून पाझरत असेल तर वरच्या सभासदाशी बोलणंही तुमचंच काम. घरातला गीझर, वायरिंग, जुना नळ तुमचा. बल्ब, तुंबलेलं सिंक आणि त्याने स्वतः तोडलेला दरवाजाचा कडी-कोयंडा त्याचा. ही वाटणी चार ओळींत करारात लिहिली की गळतीचं भांडण प्लंबरपाशीच थांबतं. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर डांबर-प्लास्टिकचं काम चाललंय की नाही एवढं एकदा वर जाऊन पाहावं.

डिपॉझिट

या विषयाला पदवीचं नाव दिलेलं नाही, कारण यात आजवर कुणी उत्तीर्ण झालेलं नाही.

डिपॉझिट म्हणजे भाडेकरूचे पैसे, जे काही काळ तुमच्या खात्यात राहतात. दुसऱ्या आठवड्यात या व्याख्येचा विसर पडतो. दीड लाखात मुलाची स्कूटर येते, स्वयंपाकघराच्या टाइल्स होतात, मेहुणीच्या लग्नाचा आहेर निघतो. अकरा महिन्यांनी भाडेकरू ‘काका, घर सोडतोय’ म्हणतो तेव्हा काकांच्या खात्यात अठरा हजार असतात. आता नवा भाडेकरू येऊन त्याचं डिपॉझिट हातात पडेपर्यंत जुन्याला थोपवून धरायचं, आणि ते नुसतं ‘थांब’ म्हणून होत नाही. कारण लागतं. म्हणून काका भिंती बघायला येतात.

भिंतीवर कॅलेंडरचा खिळा सापडतो. न्हाणीघराच्या फरशीवर पाण्याचे डाग सापडतात, म्हणजे पाणी वापरलं गेलं. गादीवर खळगा. पंख्यावर धूळ. चार वर्षांपूर्वीचा रंग या एका मुलाने अकरा महिन्यांत जुना केला, असं गणित मांडून पूर्ण घराच्या रंगकामाचे पस्तीस हजार कापले जातात. त्या पैशातून रंग होतो तो पुढच्या भाडेकरूसाठी, आणि पुढच्याकडून पुन्हा कापले जातात. माझ्या पाहण्यात एक दोन खोल्यांचं घर आहे. आजवर भाडेकरूंकडून रंगाचे जेवढे पैसे कापले गेले तेवढ्यात सगळी इमारत रंगली असती. भिंतींवर रंग मात्र पहिल्या हाताचाच आहे.

काका लबाड असतात असं नाही. त्यांच्याकडे त्या दिवशी पैसे नसतात आणि ते सांगायची लाज वाटते. भांडणाची बाकी सगळी सामग्री, खिळे, डाग, खळगे, त्या लाजेतून जमते. उपाय कंटाळवाणा आहे. डिपॉझिट आलं त्याच दिवशी मुदत ठेवीत टाकावं, तेवढ्याच महिन्यांच्या. व्याज तुमचं.

दुसरा उपाय मोबाइलचा. किल्ली देताना दोघांनी मिळून घरातून फिरावं आणि व्हिडिओ घ्यावा: भिंती, फरशी, नळ सोडून, पंखे चालू करून, विजेच्या मीटरचा आकडा, गॅसच्या मीटरचा आकडा. सामानाची यादी करारालाच जोडावी, ‘एक कपाट’ असं न लिहिता ‘एक कपाट, उजवं दार घासतं’ असं लिहावं. जाताना तोच व्हिडिओ समोर ठेवून पुन्हा फिरावं. वापराने होणारी झीज सोडून काही मोडलं असेल तर बिल दाखवून तेवढंच कापावं. उरलेले पैसे किल्ली हातात पडली त्याच वेळी, तिथेच उभं राहून, बँकेतून पाठवावेत. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये असं आहे. तो आदर्श असल्यामुळे राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपल्याकडे 1999 चाच कायदा चालतो. पण डिपॉझिट जितकं मोठं तितका परत करायचा दिवस अवघड, एवढं त्यावरून घ्यायला हरकत नाही. ‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे दहा-पंधरा लाख एकरकमी घेऊन नाममात्र भाड्यावर घर देणाऱ्यांनी हा परिच्छेद मोठ्याने वाचावा.

विशारद: तो जातच नाही

मुदत संपली, भाडेकरू हलत नाही. असं क्वचित होतं, पण होतं. नवशिक्या इथे तीन गोष्टी करतो. पाणी तोडतो, वीज तोडतो, आणि भाडेकरू कामावर गेला असताना कुलूप बदलतो. आवश्यक सेवा तोडणं 1999 च्याच कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. कुलूप बदलल्यास भाडेकरू विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा लावू शकतो, आणि तिथे घर कुणाचं हा प्रश्नच विचारला जात नाही. ताबा कुणाचा होता आणि तो जबरदस्तीने काढला का, एवढंच पाहतात. म्हणजे मालक असून आरोपीच्या बाकावर बसण्याची सोय तुम्ही स्वखर्चाने करता.

ज्याने अडीच हजारांचा कागद केला होता त्याचं काम यापेक्षा नीरस आहे. आधी लेखी नोटीस. मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने बाजू मांडायची परवानगी मागायची असते; नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. मुदतीनंतर तो जितके दिवस राहिला त्यासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते, म्हणजे 45 हजारांचे नव्वद. हा आकडा नोटिशीत ठळक लिहिला की बऱ्याच जणांना त्याच आठवड्यात टेम्पो मिळतो. कागद न केलेल्यांसाठी लघुवाद न्यायालय आहे, त्याची एक शाखा वांद्र्यालाच आहे, सांताक्रूझहून दोन स्टेशनं. अंतर कमी आहे. तारखा मात्र लांबच्या मिळतात.

विशारदची तोंडी परीक्षा

इमारत जुनी झाली. सोसायटीत पुनर्विकासाची सभा झाली, बिल्डर ठरला, तीन वर्षांसाठी घर खाली करायचं पत्र आलं. लायसन्सवर राहणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. बिल्डर भाडं देतो ते सभासदाला. करारात ‘पुनर्विकास झाल्यास एका महिन्याच्या सूचनेवर घर सोडावं’ हे वाक्य असेल तर तो निमूट जातो, नसेल तर सगळी इमारत त्याच्या कराराची मुदत संपायची वाट बघत बसते.

आणि तुम्ही स्वतः त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल, तर आता तुम्हालाही तीन वर्षांसाठी भाड्याचं घर शोधायला निघायचं आहे. एजंट तुम्हाला वाकोल्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावर घेऊन जाईल. आतले गृहस्थ तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतील. घरात माणसं किती, पाहुणे किती, व्हेज ना, असं विचारतील. मग डिपॉझिटचा आकडा सांगतील आणि म्हणतील, ‘कागदाचं काय एवढं, आपण घरचीच माणसं.’ तेव्हा खिशातून पॅन काढून टेबलावर ठेवावा, अंगठ्याचं यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाचा नंबर लावावा, आणि तो येईपर्यंत मोबाइल सुरू करून त्यांच्या न्हाणीघराच्या छताचा व्हिडिओ घ्यायला लागावं.